गोळी, रक्त आणि खेळ
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वी झाली, टाके निघाले आणि मूल सुखरूप घरी आले, म्हणजे आपल्याकडे देवापुढे नारळ फुटतो. तो अवश्य फोडावा. परंतु ज्या मुलाच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली आहे, त्याच्या बाबतीत शस्त्रवैद्याचे काम जेथे संपते तेथे आईबापांचे काम सुरू होते, आणि ते वर्षानुवर्षे पुरणारे असते. रक्त पातळ ठेवणारी रोजची गोळी कशी सांभाळावी आणि अशा मुलाला कितपत खेळू द्यावे, या दोन गोष्टींविषयी आज मला बोलावयाचे आहे.

बोलताना नंदगडसारखे गाव मी डोळ्यांपुढे ठेवतो. खानापूर तालुक्यातील हे गाव म्हणजे गोव्याशी व्यापार करणारी एक जुनी बाजारपेठ. १८३१ साली संगोळ्ळी रायण्णाला येथे फाशी देण्यात आले, म्हणून लांबलांबची माणसे आजही येथे येतात. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही, सरकारी कागद कानडीत आणि इस्पितळाचा कागद इंग्रजीत, अशी या टापूतील रीत आहे. हृदयावरील शस्त्रक्रिया आता बेळगावातही होतात. पूर्वी त्यासाठी मुंबई नाही तर वेल्लोर गाठावे लागे. तेव्हा अडचण शस्त्रक्रियेची तितकीशी उरलेली नाही. अडचण आहे ती पुढची. पावसाळ्यात या घाटमाथ्यावर दिवसचे दिवस पाऊस उघडत नाही. अशा वेळी रक्ततपासणीची तारीख उलटते, गोळ्यांची पट्टी संपते, आणि ‘दोन-चार दिवसांनी काय होते’ असे कोणीतरी म्हणते. त्या दोन-चार दिवसांत पुष्कळ काही होऊ शकते.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाला ही गोळी लागत नाही. जन्मतःच हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेली जी मुले असतात, त्यांचे छिद्र बुजविल्यानंतर बहुतेकांना काही महिने ॲस्पिरिन पुरते, कित्येकांना तेही लागत नाही. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसविली आहे त्यांना मात्र ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. जन्मजात व्यंगाच्या काही गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांनंतरही ती द्यावी लागते. आपल्या भागात झडपा बिघडण्याचे मोठे कारण म्हणजे संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात, ताप येतो, आणि सांधे बरे झाले तरी हृदयाच्या झडपेवर व्रण राहून जातो. दाटीवाटीची घरे, थंडगार ओल आणि ‘घसाच तर दुखतो आहे’ ही वृत्ती यांमुळे हा रोग गरिबांच्या घरात अधिक दिसतो.

झडप दुरुस्त होण्याजोगी असेल तर शस्त्रवैद्य ती दुरुस्तच करतात. अगदीच निकामी झाली असेल तर बदलतात. मग पालक विचारतात, आणि योग्यच विचारतात, की जनावराच्या ऊतीपासून केलेली झडप बसविली असती तर गोळीची ही कटकट टळली नसती का? मोठ्या माणसात ती टळते. परंतु मुलांच्या शरीरात तशा झडपेवर चुन्याचे थर लवकर चढतात, ती कडक होते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. म्हणून मुलांना धातूची झडप द्यावी लागते. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वल्यथान यांच्या मार्गदर्शनाखाली अशी झडप तयार झाली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम एका रुग्णाला बसविण्यात आली. परदेशी झडपेची किंमत ज्यांना पेलत नव्हती अशा हजारो कुटुंबांना तिचा आधार झाला. मात्र झडप देशी असो वा विदेशी, रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू आहे. परक्या वस्तूला स्पर्श होताच गोठणे हा रक्ताचा धर्म आहे. झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते, आणि गुठळीचा कण सुटून मेंदूत गेला तर दहा वर्षांच्या पोराला पक्षाघात होतो. ही गोळी द्यावयाची ती याकरिता.

या गोळीचा जन्म जनावरांच्या गोठ्यात झाला, ही हकीकत शेतकरी श्रोत्यांना सांगण्याजोगी आहे. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाईगुरे रक्तस्रावाने मरू लागली. लहानसे शिंग कापले तरी रक्त थांबेना. जनावरांच्या डॉक्टरांनी शोधून काढले, की कुजलेला गोड क्लोव्हर नावाचा वैरणीचा चारा हे त्याचे कारण आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत एड कार्लसन नावाचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकीत विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. बरोबर एक मेलेली कालवड, तो कुजका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त! लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा-सात वर्षे खपून त्या चाऱ्यातील द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ मध्ये प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांचे औषध म्हणून मान्य झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना हेच देण्यात आले. ‘माझ्या मुलाला उंदराचे विष देता काय’ असे विचारणारे पालक अधूनमधून भेटतात. त्यांना ही सगळी गोष्ट सांगावी लागते, आणि शेवटी मात्रेवर यावे लागते. मात्रेत औषध आहे, मात्रा चुकली तर विष आहे, हे या गोळीइतके दुसऱ्या कोणत्याच घरगुती औषधाला लागू नसेल.

रक्त गोठविणारी काही द्रव्ये यकृतात तयार होतात आणि त्यासाठी के जीवनसत्त्व लागते. ही गोळी त्या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, म्हणजे रक्त गोठण्यास उशीर लागतो. हा उशीर मोजण्याच्या तपासणीला आय.एन.आर. म्हणतात. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे उत्तर वेगवेगळे येई. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये हे एकसूत्री माप ठरवून दिले. निरोगी माणसात तो आकडा एकच्या आसपास असतो. महाधमनीच्या तोंडाशी धातूची झडप असेल तर तो साधारणपणे २ ते ३ आणि डाव्या कप्प्यांमधील झडप बदलली असेल तर २.५ ते ३.५ या मर्यादेत ठेवतात. आपल्या मुलासाठी कोणता आकडा ठरविला आहे तो शस्त्रवैद्याकडून लिहून घ्यावा. मर्यादेच्या खाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, आणि अहवालात नुसते सेकंद लिहिले असतील तर आय.एन.आर. मागून घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत ही तपासणी वारंवार, पुढे आठवड्याला आणि आकडा स्थिरावला की महिन्याला करतात. मुलांच्या बाबतीत ‘स्थिरावला’ हा शब्द जपून वापरावा. मूल वाढते, वजन वाढते, दर पावसाळ्यात ताप-हगवण होते, आणि गेल्या वर्षीची मात्रा यंदा पुरत नाही.

आपल्याकडे वॉर्फरिनप्रमाणेच असेनोकुमेरॉल नावाची गोळी पुष्कळ दिली जाते. हिचेच दुसरे नाव निकुमॅलोन. एका दुकानातून एका नावाची, दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या नावाची गोळी आली आणि घरच्यांनी दोन निरनिराळी औषधे समजून दोन्ही दिली, तर केवढा अनर्थ होईल! म्हणून औषधाचे मूळ नाव आईबापांना पाठ असले पाहिजे. तसेच गोळी एक मिलिग्रॅमची आहे की दोनची, हे दर वेळी पट्टीवर वाचून पाहावे. रंगावर विसंबू नये. कंपनी बदलली की रंग बदलतो. अर्धी गोळी सांगितली असेल तर ती कशी तोडावयाची हे औषधविक्रेत्याकडून एकदा हाताने करून शिकून घ्यावे.

गोळी रोज एकाच वेळी, आणि ती सायंकाळी द्यावी. सकाळी रक्त दिले, दुपारी आकडा कळला, तर त्याच सायंकाळी मात्रा बदलता येते. एवढाच त्यातला हेतू. एखादे दिवशी विसर पडला आणि त्याच रात्री आठवले तर द्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर राहिलेली गोळी राहू द्यावी, नेहमीचीच मात्रा द्यावी आणि वहीत तशी नोंद करावी. दोन दिवसांच्या गोळ्या एकदम कधीही देऊ नयेत. मृगाचे पाणी पडण्यापूर्वी निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात जादा असाव्यात. आपण लाकूडफाटा आणि धान्य भरतो, त्यातच ही एक पट्टी.

आता भाजीविषयी. कोणीतरी आईला सांगते, की पालेभाजीत के जीवनसत्त्व आहे, सबब ती वर्ज्य. मग त्या मुलाच्या ताटातून मेथी, पालक, राजगिरा, शेपू, सगळे जाते. कोथिंबीरसुद्धा वेचून काढतात. हे चुकीचे आहे. मूल वाढीचे आहे, त्याला पालेभाजी हवी. फक्त प्रमाण सारखे असावे. आठवड्यातून दोनदा वाटीभर भाजी खाणाऱ्या मुलाने तशीच खात राहावी. गोळीची मात्रा तिला धरून ठरविता येते. श्रावणात रोज टोपलीभर भाजी आणि पुढे महिनाभर एक पानही नाही, असे झाले की आकडा खाली-वर होतो. आजारपणात मूल जेवेनासे झाले तर आकडा चढतो, हेही ध्यानात असावे. स्वयंपाकातली हळद, लसूण, आले यांना कोणतीही बंदी नाही. परंतु त्यांचेच काढे, चूर्णे, ‘रक्तशुद्धी’च्या पुड्या देऊ नयेत, कारण त्यांत काय आणि किती आहे हे सांगणाराच कोणी नसतो.

औषधांच्या बाबतीत याहून अधिक सावध राहावे लागते. ताप आला किंवा अंग दुखले तर वजनानुसार पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या मनाने मुळीच देऊ नयेत. ॲस्पिरिन हृदयवैद्याने मुद्दाम दिले असेल तरच. हगवणीवरचे मेट्रोनिडॅझोल, काही प्रतिजैविके आणि नायट्यावरच्या काही पोटात घेण्याच्या गोळ्या आकडा वर नेतात. क्षयावरचे रिफँपिसिन आणि फेपऱ्यावरची काही औषधे तो खाली आणतात. गावातील डॉक्टरांना हे ठाऊक असते, पण हे मूल ही गोळी घेते हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. ते पहिल्याच वाक्यात सांगावे. कोणतेही नवे औषध सुरू झाले किंवा बंद झाले, की चार-पाच दिवसांत पुन्हा रक्त तपासावे.

संधिवाताच्या तापाने झडप गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू असते. पुष्कळांना वाटते, झडपच बदलली, आता इंजेक्शन कशाला? ते हवेच; उरलेल्या झडपा अजून आहेत. येथे मात्र एक पेच पडतो. रक्त पातळ असताना स्नायूत सुई घातली तर आत रक्त साकळू शकते. आकडा मर्यादेत असेल तर बहुतेक वेळा इंजेक्शन देता येते आणि नंतर दहा मिनिटे ती जागा दाबून धरावी लागते. काहींना पेनिसिलिनच्या गोळ्या देतात. हा निर्णय हृदयवैद्याचा. इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेला गोळीविषयी सांगणे हे मात्र आपले काम.

ताप दोन-तीन दिवसांवर गेला, की पट्टीभर प्रतिजैविक देऊन वाट पाहू नये. कृत्रिम झडपेवर जंतू बसतात, आणि ते ओळखावयाचे तर प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्त काढून जंतूंची परीक्षा करावी लागते. ते जंतू बहुधा किडक्या दातांतून येतात. म्हणून अशा मुलाचे दात ही चैनीची बाब नव्हे. दात काढावयाचा झाला तर आधी प्रतिजैविकाची मात्रा लागते, आणि रक्ताची गोळी मनाने बंद करावयाची नसते.

हिरड्यांतून किंचित रक्त, पोटरीवर एखादा काळानिळा डाग, एवढ्याने घाबरू नये. आकडा मात्र तपासावा. नाकातून रक्त आले तर मुलाला बसवून पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे घड्याळ लावून चिमटीत धरावा. मान मागे टाकून कांदा हुंगविण्यात ही दहा मिनिटे फुकट जातात. डांबरासारखी काळी शौच, तांबडी लघवी, न थांबणारे रक्त, यांपैकी काही दिसले तर तडक इस्पितळात जावे. डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असले तरी न्यावे. आत हळूहळू रक्त साकळते आणि रात्री मूल झोपी गेल्यासारखे वाटते, ती झोप नसते. आणखी एक लक्षण असे, की जे आईलाच कळते. धातूची झडप घड्याळासारखी टिकटिक करते. रात्री शांतता झाली म्हणजे जवळ निजलेल्या आईला ती ऐकू येते. तो आवाज बसका झाला किंवा ऐकू येईनासा झाला, मुलाला धाप लागू लागली, किंवा तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर सकाळची वाट पाहावयाची नाही. मिळेल त्या वाहनाने निघावे.

इतके भय सांगितल्यावर मी खेळाकडे वळतो, कारण हे भयच पुढे मुलाच्या मुळावर येते.

पहिले सहा ते आठ आठवडे उरोस्थी सांधत असते. या काळात मुलाला काखेत हात घालून उचलू नये. कमरेखाली आणि पाठीमागे हात घालून उचलावे. दप्तर, पाण्याची घागर, धाकटे भावंड, यांपैकी काही त्याला उचलू देऊ नये. सायकल नको, झाडावर चढणे नको. चालणे मात्र पहिल्या आठवड्यापासून हवे. आज अंगणात, उद्या गल्लीच्या टोकापर्यंत.

त्यानंतर काय? शाळेत काही वेळा असे होते, की मास्तर त्याला कवायतीच्या तासाला पायरीवर बसवितात आणि बाकीच्यांच्या चपला राखावयास सांगतात. मास्तरांचा हेतू वाईट नसतो, घरूनच तशी चिठ्ठी गेलेली असते. असे मूल दोन वर्षांत स्थूल होते, चिडके होते, किंवा चोरून खेळते. आणि चोरून खेळणाराला मार लागला तर तो सांगत नाही. या तिन्हींपेक्षा उघड खेळणे बरे. तपासणीत हृदयाचे काम समाधानकारक असेल तर धावणे, बॅडमिंटन, दोरीवरच्या उड्या, लगोरी, मऊ चेंडूचे क्रिकेट, देखरेखीखाली पोहणे, हे सगळे बहुधा चालते. दम लागला की थांबावयाचे आणि थांबल्याबद्दल कोणी हसावयाचे नाही, एवढी अट. सायकलवर शिरस्त्राण हवे. गावात ते कोणी घालीत नाही, म्हणून मूल लाजते, तर चार मुलांनी मिळून घालावे.

कबड्डी आणि कुस्ती मात्र नको. बेळगाव-कोल्हापूरच्या या मुलखात, जेथे तालमीची माती लहानपणीच अंगाला लागते, तेथे हे सांगणे जिवावर येते. ज्या घरात आजोबांच्या गदा भिंतीला टांगलेल्या आहेत, त्या घरातील नातवाला आखाड्याबाहेर ठेवणे सोपे नाही. तरी ठेवावे. टक्कर, धोबीपछाड आणि डोक्यावर आपटणे हे जेथे खेळाचे अंगच आहे, तेथे सावधगिरीला वाव नसतो. चामडी चेंडूचे क्रिकेट आणि मुष्टियुद्ध हेही तसेच. खो-खोविषयी मतभेद आहेत. माझे मत असे, की पाठलागात हरकत नाही, खांबाशी मात्र जपावे. पण हृदयवैद्याला विचारूनच ठरवावे.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल संकोचाने कोणी बोलत नाही. ऋतुप्राप्ती झाली, की या गोळीमुळे रक्तस्राव बेसुमार होऊ शकतो. आईने तो मोजावा, डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपाय आहेत. त्या चार दिवसांत गोळी बंद ठेवण्याचा शहाणपणा कोणी करू नये. पुढे तिच्या लग्नाची बोलणी निघतील. छातीवरचा व्रण आणि रोजची गोळी झाकून ठेवून लग्न जमविले, तर सासरी ती गोळी लपवून खाणार, आणि लपविता आली नाही त्या दिवशी चुकविणार. शिवाय गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत हीच गोळी गर्भाला अपाय करू शकते, आणि बंद केली तर आईचा जीव धोक्यात येतो. दोहोंतून वाट आहे, परंतु ती दिवस राहण्यापूर्वी हृदयवैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून आखावी लागते. ज्या घरात ही गोष्ट सांगता येत नाही, त्या घरात ती मुलगी देऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

खर्चाविषयी थोडे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि हृदयाचे विकार शोधणे हा तिचा एक भाग आहे. शस्त्रक्रियेसाठी सरकारी विमा योजनाही आहेत. गोळ्या आणि दरमहाची तपासणी यांचा भार मात्र पुष्कळदा घरावरच पडतो, आणि खंड पडतो तो येथेच. जवळच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते का, हे इस्पितळातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

मूल बारा वर्षांचे झाले, की वही त्याच्या हाती द्यावी. तारीख, आकडा, मात्रा, चुकलेली गोळी, नवे औषध, एवढे रकाने पुरेत. आणि एक लहानसे कार्ड करावे. त्यावर मुलाचे नाव, झडप कोणती व केव्हा बसविली, गोळीचे मूळ नाव, ठरलेला आकडा, रक्तगट आणि दूरध्वनी क्रमांक लिहावा. एका बाजूस इंग्रजीत, दुसऱ्या बाजूस मराठी आणि कानडीत. खानापूरच्या बसमध्ये मूल घेरी येऊन पडले तर शेजारचा उतारू कोणती लिपी वाचतो, हे आपल्याला आधी कळत नाही. ते कार्ड दप्तराच्या आतल्या कप्प्यात असावे, आणि त्याची एक प्रत वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणात.